पडवीतलं मशीन

"त्या दिवशी मी खरवईला होते की नव्हते, एवढंच सांगा."

काशीनं पुन्हा विचारलं. महिपतीनं उत्तराऐवजी चपला काढून भिंतीशी जोडीनं लावून ठेवल्या. एरवी त्या उंबऱ्यात एकमेकींवर पडलेल्या असायच्या. नवरा चपला नीट ठेवायला लागला की कुठंतरी पाणी मुरतंय, हे काशीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

"होतीस गं बाई, होतीस," कॉटवरून सासू, सुंदराबाई म्हणाली. "भावाच्या घरभरणीला गेली होतीस. आता त्याचं काय?"

"तुमच्याकडून नकोय मला, आत्याबाई. यांच्या तोंडून पाहिजे."

"होतीस," महिपती म्हणाला. "बस?"

"मग खरवईला बसून मी इथल्या पडवीतला बंपर कसा जाळला? हात लांब करून?"

यशोधरा दहावीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिला हसू आलं आणि तिनं ते पुस्तकात दडवलं. बाप हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता आणि आईचं तर तोंड बघवत नव्हतं.

झालं होतं असं. सकाळी गॅरेजवाल्या शेठचा टेंपोवाला नेहमीसारखा आला. चादरीत गुंडाळलेला मोटारीचा बंपर त्यानं पडवीत आणून टेकवला आणि जाता जाता काशीकडं बघून दात काढले. "भाभी, इसको हाथ मत लगाना हां. शेठने खास बोला है. पिछला वाला आपने जला दिया ना."

टेंपो वळणाआड गेला तरी काशी पडवीत उभीच होती. मग महिपती नाक्यावरून चहा पिऊन येईपर्यंत तिनं भांडी घासली. ती इतकी वाजली की शेजारच्या गयाबाईनं मधल्या भिंतीवर थाप मारली. "काशे, कुणाला घासतीस गं एवढं?"

काशी मूळची विठ्ठलवाडीची. बाप एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचा. आई गेल्यावर शाळा सुटली आणि काशी उल्हासनगरात कॅम्पातल्या चष्म्याच्या फ्रेमच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे एका सिंधी घराचा तळमजला. तिथं कापडाचं चाक गरगर फिरायचं आणि त्यावर प्लास्टिकच्या फ्रेमा धरून चमकवायच्या. देखरेखीला शेठची विधवा बहीण होती, तिला सगळ्या पोरी दादी म्हणायच्या. दादी जीभ चालवायची आणि प्रसंगी हातही. "रुकी तो फ्रेम गयी," हे तिचं एकच वाक्य, दिवसभर. एका जागी चाकाला फ्रेम टेकून राहिली की प्लास्टिक मऊ पडायचं, काडी वाकडी व्हायची. बिघडलेली फ्रेम दादी त्या पोरीच्याच नाकावर चढवायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढू द्यायची नाही. काशीच्या नाकावर फ्रेम दोनदा चढली, पुन्हा कधी नाही. ती अठरा वर्षांची झाली तोवर कारखान्यातलं नाजूक काम तिच्याकडं आपोआप यायला लागलं होतं.

मग महिपतीचं स्थळ आलं. मुलगा अंबरनाथला निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात, लोखंड चमकवायच्या, म्हणजे बफिंगच्या कामावर. बापाला वाटलं, दोघं एकाच धंद्यातले, जमेल.

एकाच धंद्यातले कुठले! महिपतीचं सारं आयुष्य लोखंडावर गेलेलं. मोटारींचे पत्र्याचे बंपर, स्कूटरच्या दांड्या, दवाखान्यातल्या पलंगांच्या नळ्या. त्याच्या कामात जोर लागायचा. छातीनं रेटा देऊन लोखंड चाकावर दाबायचं, हाताला चटका बसेपर्यंत दाबायचं. "तापल्याबिगर झळाळी नाही," असं तो म्हणायचा आणि त्याच्यापुरतं ते खरंही होतं. ऐंशीच्या सालात त्यानं चमकवलेल्या बंपरात बघून माणसं भांग पाडायची. मालक पाहुण्यांना त्याच्यापाशी आणून उभं करायचा. त्या दिवसांत महिपती रस्त्यानं जाताना उभ्या मोटारींच्या पुढं वाकून बघायचा, आपलं काम असेल तर ओळखायचा. काशीला ते आवडायचंही. आपला नवरा काहीतरी चांगलं करतो, हे कुठल्या बाईला आवडत नाही?

नव्वद सालानंतर गाड्या बदलल्या. बंपर प्लास्टिकचे झाले, पुढं पुढं तर गाडीच्याच रंगात रंगवलेले यायला लागले. निकेलचं काम आटलं, कारखान्याला कुलूप लागलं. महिपती काही महिने कॉटवर पडून छताकडं बघत होता. मग कुणाच्या तरी ओळखीनं उल्हासनगरातल्या हासानंद शेठच्या गॅरेजात पोचला. शेठकडं ठोकरलेल्या गाड्या यायच्या. बंपर सांधून नव्यानं रंगवायचे, रंग वाळला की पाण्यानं बारीक काचकागद मारायचा आणि मग हातातल्या मशीननं पॉलिश करून आरसा करायचा. हे शेवटचं काम शेठ बाहेर द्यायचा. महिपतीनं छाती ठोकून सांगितलं, मी बंपरातला जुना माणूस आहे. काशीच्या पाटल्या मोडून मशीन आलं.

पहिलाच बंपर त्यानं जाळला. छातीनं दाबला, सवयीनं. पत्रा तापला तर ती आच सगळीकडं पसरवून टाकतो. प्लास्टिकला ते जमत नाही, त्याची आच जिथल्या तिथं साठत जाते. वरचा रंग मऊ पडून मशीनच्या चकतीवर चढवलेल्या लोकरीच्या टोपीला चिकटला आणि खालचं काळं प्लास्टिक दात विचकून बाहेर आलं. महिपतीनं मशीनला शिव्या घातल्या, रंगाला घातल्या, रंगवणाऱ्याच्या आईला घातल्या. काशी चूल सोडून पडवीत आली. तिनं डागावर बोट फिरवलं आणि तिला दादी आठवली.

"थांबलात ना एका जागी?" ती म्हणाली. "द्या इकडं."

तेव्हापासून मशीन काशीच्या हातात आलं ते आलंच.

तिनं ते काम घरातल्या कामासारखंच लावून घेतलं. बंपर पोकळ असतो, मशीनखाली थरथरतो; म्हणून ती आतल्या पोकळीत जुनी गोधडी घट्ट कोंबायची. कडांवर आणि कोपऱ्यांवर रंग पातळ बसतो, तिथं आधी कागदी चिकटपट्टी लावायची आणि तेवढा भाग शेवटी हातानंच, फडक्यानं करायची. वेगाचं चक्र सगळ्यात कमी आकड्यावर. मशीन आधी टेकवायचं, मग चालू करायचं. दाब मशीनच्या वजनाचा, आपला नाही. हात सतत फिरता. मध्येच मशीन बंद करून तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा पालथा हात बंपरवर ठेवायची. कोमट लागलं की ती थांबायची, पाण्याचा शिपका मारायची, तोवर भाजी परतून यायची. वायर पायात येऊ नये म्हणून खांद्यावरून पाठीमागं सोडलेली. पदर कमरेला करकचून खोवलेला, वर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, केस फडक्यात, नाकावर रुमाल. आणि गळ्यातली पोत काढून खुंटीला.

त्या पोतीवरून सुंदराबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "नवरा घरात जित्ता बसलाय आणि पोत खुंटीला? असलं कुठं बघितलं नव्हतं बाई!"

"मशीनमध्ये गुंतली तर पोतीबरोबर मानही जाईल," काशी म्हणाली होती. "मग मलाच टांगा खुंटीला."

नवरा घरात जित्ता बसायचा, हे मात्र अक्षरशः खरं होतं. कारण घरात एक नियम ठरून गेला होता. मशीनचा आवाज चालू असेल तोवर महिपतीनं बाहेर दिसायचं नाही. शेठचा माणूस कधीही टपकायचा. पडवीत मशीन घुमतंय आणि कारागीर नाक्यावर कॅरम खेळतोय, असं व्हायला नको. म्हणून काशी पडवीत दार लावून काम करायची आणि महिपती आतल्या खोलीत कॉटवर लोळत रेडिओ ऐकायचा, तोही बारीक आवाजात. आवाज थांबला की तो उठायचा, काशीनं काढलेला खाकी शर्ट अंगात चढवायचा, हाताला थोडं पॉलिश फासायचा आणि दारात येऊन घाम पुसायचा. गयाबाई भिंतीपलीकडून सगळं ओळखून होती. "तुझा नवरा बसून दमतो गं," ती काशीला म्हणायची.

काशीनं कधी तक्रार केली नाही. शेठ म्हणाला, महिपती के हाथ में जादू है. महिपतीनं ते घरी येऊन सांगितलं, अगदी स्वतःचं असल्यासारखं सांगितलं, तेव्हाही ती काही बोलली नाही. नाव पुरुषाचं असतं, काम बाईचं. चुलीपासून हेच बघत आली होती. शिवाय, खरं सांगायचं तर, पडवीतला तो वेळ तिला आवडायचा. दार लागलेलं, कुणी हाक मारत नाही, हाताखाली धुरकट रंग हळूहळू निवळत जातो आणि मग एकदम त्यात पडवीच्या कौलांखालचे वासे दिसायला लागतात. तिच्या उभ्या जन्मात एवढं तिचं असं दुसरं काही नव्हतं.

मग भावानं बदलापुरात खरवईला नव्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली आणि काशी घरभरणीला तिकडं गेली. दोन दिवस राहिली. परत आली तर पडवीत करपल्याचा वास. लोकरीची टोपी कोपऱ्यात पडलेली, तिच्यात लाल रंगाच्या गुठळ्या. बंपर नव्हता. ती काय समजायचं ते समजली. महिपतीच्या चेहऱ्याकडं बघून तिनं एक शब्द विचारला नाही. गुठळ्या खरवडून टोपी धुतली आणि वाळत घातली. शेठपुढं मान खाली गेली असेल तेवढी पुरे, आपण आणखी कशाला मीठ चोळा, असं तिला वाटलं. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग येत होता.

"मला एवढंच कळू दे," ती म्हणाली, "तुम्ही हात लावलातच कशाला? मी दोन दिवसांत येणार होते."

"शेठला घाई होती."

"शेठला थांबवता आलं असतं."

"आणि काय सांगू? बायको माहेरी गेलीय म्हणून काम बंद आहे?" महिपतीचा आवाज चढला. "वीस वर्षं बफिंग केलंय मी! माझ्याच घरात माझ्याच मशीनला हात लावायची चोरी? बघत होतो इतके दिवस. त्यात काय आहे एवढं? म्हटलं, करू."

"मग केलंत. जळला. होतं कधी कधी. माझ्याकडूनही झालं असतं उद्या. सांगायचं शेठला, जळला म्हणून. माझं नाव कुठून आलं मध्ये?"

सुंदराबाईला ते सहन झालं नाही. लेक गप्प बसला की आईनं बोलायचं, अशी त्या घराची रीत होती.

"अगं, शेठ पेटला होता. काम काढून घेतो म्हणाला. मग तो काय करील बिचारा? म्हणाला, मी गावाला गेलो होतो, बायकोनं अक्कल पाजळली. पुरुषाचं नाव गेलं तर धंदा जातो बाई. तुझं काय जाणार आहे? तुला कोण ओळखतंय तिथं?"

"तेच ना, आत्याबाई. कुणी ओळखत नव्हतं. आता ओळखतात. जाळणारी म्हणून."

"शब्दाला शब्द नको लावू."

"इतकी वर्षं एवढे बंपर चकचकीत होऊन गेले, तेव्हा माझं नाव निघालं नाही. मी मागितलंही नाही. यश घेतलंत ते घेतलंत. अपयश तरी स्वतःचं स्वतःजवळ ठेवायचं होतं!"

हे बोलताना तिचा आवाज फाटला. भिंतीपलीकडं गयाबाईचं जातं-पाटा जे काय चाललं होतं ते थांबलं.

महिपती जरा नरमला. तो मुळात दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर काशीला सोपं गेलं असतं. "जाऊ दे ना काशे," तो म्हणाला. "मिटलंय आता. शेठनं काम परत दिलं की नाही? ते बघ. तेही त्याच्या जावयाच्या गाडीचं. रविवारी घरचं लग्न आहे, शनिवारी बंपर पोचायला पाहिजे. विश्वास असल्याशिवाय देतो का कुणी?"

"कसा काय बसला विश्वास?"

"बसला."

"असाच?"

महिपतीनं आईकडं बघितलं. सुंदराबाईनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला. काशी दोघांकडं बघत राहिली.

"शपथ घ्यायला लावली त्यानं," महिपती शेवटी म्हणाला. "देवाच्या फोटोपुढं. की यापुढं बाईचा हात मशीनला लागणार नाही."

"आणि घेतलीत?"

"घ्यावी लागली."

"कुणाची?"

यशोधरानं पुस्तक मिटलं.

"पोरीच्या नावानं घेतली," सुंदराबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या नावानं शेठ ऐकेना."

"माझ्या?" यशोधरा उठून उभी राहिली. "पप्पा, माझ्या नावानं?"

"अगं, तसं म्हणायचं असतं. मनातून थोडीच..."

"चौदा एप्रिलला तुम्हीच स्टेजवर बोललात, आपण शपथा-नवस काही मानत नाही. मी टाळ्या वाजवल्या!"

"तेच तर सांगतोय मी! मानतच नाही आपण, मग शपथेला अर्थ काय राहिला? देव त्याचा, फोटो त्याचा. आपण नुसतं तोंडानं बोललो." महिपतीला एकदम सुटल्यासारखं वाटलं, तो सगळ्यांकडं आळीपाळीनं बघू लागला. "म्हणून म्हणतो, काही बदललेलं नाही. काशीनं नेहमीसारखं दार लावून करायचं. मी बाहेर पडणार नाही. कुणाला कळतंय?"

"शनिवारला कितीसा वेळ आहे," सुंदराबाई म्हणाली. "दुपारी हात लाव, म्हणजे उद्या कोपरे होतील. स्वयंपाकाचं मी बघते."

म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. बंपर जाळल्याचं नाव तिचं, हात न लावायची शपथ तिच्यावर, तिच्याच पोरीची, आणि वर कामही तिनंच करायचं, स्वयंपाकाची सवलत घेऊन.

काशी पडवीत गेली. तिनं बंपरवरची चादर काढली. पांढरा होता, मोत्यासारखी झाक असलेला. कागद नीट मारलेला, पण डाव्या कोपऱ्याशी रंगाचा थर दाट होता, उजवीकडं पातळ. नुसत्या नजरेनं तिला कळलं. उजवीकडं पट्टी दुहेरी लावायची, डावीकडून सुरुवात करायची, मधली रेघ अगदी शेवटी. तिची बोटं आपोआप त्या रेघेवरून फिरायला निघाली होती. तिनं ती मागं घेतली, मूठ मिटली आणि तशीच उभी राहिली. आतून महिपतीचा आवाज येत होता. "बघ, गेली की नाही? तुला म्हटलं होतं आई, बडबडते आणि करते."

तिनं चादर परत नीट पांघरली. मशीनची पिन भिंतीतून काढली. वायर गुंडाळून मशीन उचललं आणि आतल्या खोलीत येऊन ते महिपतीच्या पुढ्यात, कॉटवर ठेवलं. सुंदराबाईनं पाय आखडून घेतले.

"हे काय?" महिपती म्हणाला.

"तुमचं मशीन."

"काशे, डोकं फिरवू नको. शनिवारी शेठचा माणूस येणार आहे."

"येऊ दे."

"मी करायला गेलो तर काय होईल ते तुला माहितीये!"

हे तो बोलून गेला. इतक्या वर्षांत ते वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. काशीला वाटलं होतं, ते कधी ऐकायला मिळालं तर छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. आतलं सगळं आधीच करपून गेलं होतं.

"पोरीच्या नावानं शपथ आहे," ती म्हणाली. "तुम्ही मानत नसाल. मी पण मानत नाही. पण तुमचा शब्द मी खोटा पाडणार नाही. बाईचा हात लागणार नाही म्हणालात, तर लागणार नाही. आज नाही, शनिवारी नाही, पुढंही कधी नाही."

"घर कशावर चालेल मग?" सुंदराबाईनं विचारलं.

काशीनं पदर सोडून झटकला आणि खांद्यावर नीट घेतला.

"एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायला बायका घेताहेत. गयाबाईची सून जाते. सोमवारपासून मी तिच्याबरोबर जाणार. पाळी सकाळची आहे, त्यामुळं चहा आणि भाकऱ्या आत्याबाई करतील. यशोची परीक्षा होईपर्यंत तिला कुणी कामाला लावायचं नाही. आणि तुम्ही आता बाहेर फिरलात तरी चालेल."